केळुसकरांची चाळणी

"नुसते ओठ हलवतात हो, सिस्टर. एक शब्द बोलत नाहीत हे," केळुसकरांची बायको म्हणाली.

खाटेवर केळुसकर बोंबलत होते. पक्षाघाताने जीभ लुळी पडली होती, तरी "पा... ई... पाई!" असं पाणी मागत होते. यमुनासिस्टरला ते स्वच्छ ऐकू येत होतं.

"छे, काही नाही म्हणत," ती म्हणाली.

बायकोच्या कानात चण्याएवढी चाळणी होती, जशी आता सगळ्यांच्याच कानात असते. ईमेलमधला कचरा गाळायचं तंत्र केळुसकरांनीच कानापर्यंत आणलं होतं, म्हणजे यंत्रांनी काढलेले फसवे आवाज बाहेरच अडतील. मोडकातोडका आवाज आला तर काय करायचं, असं तेव्हा कुणीतरी विचारलं होतं.

"फेकून द्यायचा. ज्याला धड बोलता येत नाही त्याचं ऐकायचं कशाला?" केळुसकर म्हणाले होते.

यमुनाचा भाऊ जन्मापासून तोतरा. कारखान्यात त्याचा हात यंत्रात अडकला तेव्हा तो मरेपर्यंत ओरडला, आणि हाकेच्या अंतरावरची माणसं कानात चाळण्या घालून आपापलं काम करत राहिली. त्या दिवसापासून यमुना स्वतःची चाळणी खिशात ठेवते.

तिने वाकून केळुसकरांच्या कानातली चाळणी काढली. "ऐका, साहेब."

आपला नवा, मोडका आवाज त्यांना पहिल्यांदाच ऐकू आला. ते दचकले. मग डोळे फाडून किंचाळायला लागले.

यमुनाने खिशातली चाळणी काढून आपल्या कानात घातली.

"आता काय म्हणतायत?" बायकोने विचारलं.

"काहीच नाही," यमुना म्हणाली. या वेळी ती खोटं बोलत नव्हती.