कोरी पाठ

आई वर्षानुवर्षं चुलीच्या धुरात खोकत राहिली. "बिनधुराची चूल बसवू या रे," ती म्हणायची आणि मी दर वेळी काहीतरी सांगून वेळ मारून न्यायचो. ती गेल्यावर दोनच आठवड्यांत मी ती चूल बसवली.

मिस्त्रीने छपरातून धुराडं काढलं आणि वाळकी लाकडं पेटवून दाखवली. धूर दिसला नाही. चुलीजवळच्या भिंतीला मी स्वतः चुना दिला.

सकाळी भिंत काजळीने काळी झाली होती. चूल आणि धुराडं मात्र स्वच्छ होतं. भिंतीवर एकच जागा पांढरी उरली होती, किंचित वाकून बसलेल्या पाठीएवढी. आई तिथेच भिंतीला पाठ टेकून बसायची.

मी कुणाला न सांगता पुन्हा चुना दिला.

दुसऱ्या दिवशी बायकोने हाक मारली. भिंत परत काळी होती आणि आईच्या पाठीशेजारी रुंद खांद्यांची आणखी एक पाठ कोरी राहिली होती.

"काल तुम्ही इथे बसला होतात का?"

मी नाही म्हणालो. आई असताना मी तिच्याजवळ तिथे एकदाही बसलो नव्हतो.

बायकोने माझ्या नुकत्याच घातलेल्या, धुतलेल्या शर्टाच्या पाठीवरून हात फिरवला. तिची बोटं चुन्याने पांढरी झाली.