कुदळ थांबली

खड्ड्यात सोडलेला दोर. बशीनं झाकून ठेवलेला चहा. अजून न बांधलेल्या घराचं निळं दार.

खड्डे खणून रत्नं काढणाऱ्या त्या गावाची एक रीत होती. खाली खडा सापडला की ओरडायचं नाही. कुदळ थांबवायची आणि गप्प बसायचं. ओरडलं की सगळं गाव खड्ड्यावर गोळा होतं. म्हणून भर दुपारी खाली खणणाऱ्या नवऱ्याच्या कुदळीचा आवाज अचानक थांबला, तेव्हा वर बसलेल्या बायकोच्या काळजात धस्स झालं नाही. तिला हसू आवरेना.

"भावजी, ऐकलंत?" ती दिराच्या कानाशी लागली.

"काहीच तर ऐकू येत नाही."

"अहो, तेच म्हणतेय!"

दिराचे डोळे मोठे झाले. "वहिनी, आता दादा काय भाव खाईल!"

"खाऊ दे. सात वर्षं नुसती माती खाल्लीय त्यांनी."

"हाक मारू?"

"खबरदार! गावाला आमंत्रण द्यायचंय का?"

मग दोघं कुजबुजत बसली. आधी घर, मग दिराचं लग्न, मग पुन्हा दाराचा रंग. खोकला आला तर तोही तिनं तोंड दाबून गिळला.

अर्ध्या तासानं न राहवून तिनंच हाक मारली. ओ आली नाही. गावानं मिळून त्याचा देह वर ओढला. दोन्ही मुठी रिकाम्या होत्या.

खाली हवा सोडणारा पंप आदल्या दिवशी दुरुस्तीला गेला होता, आणि "एक दिवस भागेल तसंच," असं तीच नवऱ्याला म्हणाली होती.