आधी तुमच्या अंगावर

“पडून पडून बाज चिकटली माझ्या पाठीला. बैलालाबी दुपारचं सोडत्यात.”

उंबऱ्याबाहेर चपला काढताना वनिताच्या कानावर आलं. राधाकिशन कुरकुरत होता. त्याची बायको दगडाबाई तितक्याच हळू आवाजात त्याला सांगत होती की डॉक्टरनं तीन महिने उठू नका म्हणलंय तर उठू नका, गडीमाणसाला साधं पडून राहायचंबी जमंना म्हणजे कमाल झाली.

वनिताचा हा सहावा बुधवार. कॅन्सर झालेल्यांना घरी जाऊन हलकी मालिश करायची, घरच्यांनाही ती शिकवायची आणि जमेल तसं सगळ्यांना बोलतं करायचं, हे तिचं काम. बीडहून स्कूटीवर चौसाळ्याला यायची. दर बुधवारी फाटकातच सोमेश्वर, या घरचा थोरला, तिला गाठायचा आणि तेच सांगायचा.

“ताई, आईपुढं नाव काढू नका. मामाला नाव कळलं आन् त्यानं खाणंच सोडलं. आठ दिवसांत गेला. आईचं काळीजबी तसलंच हाय.”

घरात एका दगडाबाईला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. नवरा-बायकोला जोडीनं संभाजीनगरला तपासून आणलं, तेव्हा दगडाबाईला सांगितलं ते एवढंच की तुला अशक्तपणा आहे, आणि राधाकिशनच्या पोटात गाठ आहे. साधीच, पण त्यानं उठायचं नाही, आणि कुणीतरी सतत जवळ बसायचं. कुणीतरी म्हणजे कोण, ते सांगायला लागलं नाही. चाळीस वर्षांत जी बाई दिवसाची कधी घरात दिसली नाही, ती रान सोडून बाजेशी बसली.

शिकवायची वनिताची एक रीत होती. आधी शिकणाऱ्याच्या अंगावर करून दाखवायचं. हात किती हलका ठेवायचा ते डोळ्यांना कळत नाही, कातडीला कळतं. पहिल्या बुधवारी दगडाबाईनं साफ नकार दिला होता. गावातल्या कितीतरी बाळंतिणी तिनं चोळल्या होत्या, पण तिच्या अंगाला आजवर कुणी तेलाचं बोट लावलेलं नव्हतं. नवरा बाजेवर आणि मी चोळून घेऊ, गाव तोंडात शेण घालील, म्हणाली. तेव्हा राधाकिशनच बाजेवरून ओरडला होता.

“शिक नीट. तुझा हात म्हंजी वरवंटा. सालटं काढशील माझी.”

मग ती सतरंजीवर आडवी झाली. तेव्हापासून तेच चाललं होतं. सून अंजली तेल कोमट करून आणायची आणि कुणाकडे न बघता निघून जायची. वनिता चाळीस मिनिटं दगडाबाईच्या अंगावर दाखवायची, आणि मग दगडाबाई दहा मिनिटं नवऱ्याला चोळायची.

वनिताच्या हाताला दगडाबाईचे मणके एकेक करून लागायचे. दर बुधवारी जरा जास्तच. अर्धी भाकरीसुद्धा आता उतरत नव्हती. शेजारच्या बायका म्हणायच्या, नवऱ्याच्या काळजीनं निम्मी झाली बिचारी. राधाकिशनची भूक मात्र शाबूत होती. त्याच्या उशीखाली तंबाखूची पुडी असायची, आणि अंजली चादर झटकताना ती उचलून परत तिथंच ठेवायची. कोण काय बोलणार?

हात चालू असताना वनिता विचारायची, मनात काय राहिलंय? काही करायचंय, कुणाला भेटायचंय? मागच्या वेळी दगडाबाईनं नांदूरघाटच्या बहिणीचं नाव घेतलं होतं. यांना बरं वाटल्यावर जाईन, म्हणाली. राधाकिशन बाजेवरूनच म्हणाला, वाट बघू नको, उद्याच जा. हे म्हणताना त्याचा आवाज असा फाटला की वनितानं तेलाची वाटी उगीचच इकडची तिकडे केली. सोमेश्वरनं जीप केली. बहिणी-बहिणी दोन दिवस एका अंथरुणात झोपून आल्या.

आज दगडाबाई सतरंजीवर फार वेळ राहिली नाही. दहा मिनिटांतच भिंतीला धरून उठली आणि नवऱ्याच्या पायाशी जाऊन बसली. हातावर तेल घेतलं.

“सकाळी तुरी बघाया गेलते,” ती म्हणाली.

“कावून? एकलीच?”

“अंजली चुलीपुढं होती. बांधापतूर जाववलं न्हाई, निम्म्या वाटंतच बसले. पर तिथून दिसत्यात. तडकायल्यात.”

“सोमा बघंल की.”

“सोमाला गॅरेजातलं कळतंय. शेंगातलं तुमाला कळतंय.”

सोमेश्वर चहाचे कप घेऊन दारात आला होता, तो तिथंच थांबला. दगडाबाईचा हात नवऱ्याच्या पोटऱ्यांवरून गुडघ्यांवर, गुडघ्यांवरून पोटावर सावकाश फिरत राहिला. शिकल्यासारखा, हलका. आता त्याला वरवंटा कुणी म्हटलं नसतं.

“सा बुधवार झाले,” ती म्हणाली. “गाठ म्हणं ह्यांच्या पोटात. तिथं मी हात फिरवते, तवा ही पोरगी काय म्हणत न्हाई. माझ्या पोटापाशी आली की मातर हात उचलती.”

सोमेश्वर नुसतं “आई” म्हणाला.

दगडाबाईनं तिकडं बघितलं नाही. पदरानं नवऱ्याच्या पोटावरचं तेल पुसलं, त्याचा सदरा खाली ओढला, नीट केला.

“उठा आता, रानात जावा,” ती राधाकिशनला म्हणाली. “कॅन्सर तुमाला न्हाई. मला हाय.”