फळीवरचं नाव

सहा फळ्या, सहा शिडं, सहा डोलकाठ्या. एवढा पसारा त्या पत्र्याच्या ट्रेलरमध्ये बसवायचा आणि गोव्यापर्यंतच्या खड्ड्यांत एकही फळी दुसरीवर घासू द्यायची नाही, हे अख्ख्या वेसाव्यात एकट्या हरेश्वरला जमत होतं. एशियाडनंतर इथल्या सेलिंग क्लबाने या विंडसर्फिंगच्या फळ्या आणल्या तेव्हा सगळा कोळीवाडा पोट धरून हसला होता. फळीला शीड लावून वर उभ्याने जायचं, हे कसलं सोंग! क्लबाच्या होड्या राखणारा हरेश्वरही हसला होता. मग एक दिवस त्याचीच पोरगी, मंजुळा, फळीवर उभी राहिली आणि खाडीच्या तोंडाबाहेर जाऊन परत आली. त्या दिवसापासून तो हसला नाही. सगळ्यांना सांगत सुटला.

आज सकाळी पाच फळ्या चढवून झाल्या होत्या. तळ वर, मधे जुन्या गोधड्या, खालची पाती काढून कागदात गुंडाळलेली. सहावी अजून वाळूवर पडून होती. तिच्याकडे न बघता हरेश्वर बांधलेल्याच गाठी पुन्हा पुन्हा चाचपत होता.

ती फळी मंजुळाची. म्हणजे क्लबाचीच, पण पाण्यात उतरणाऱ्या वस्तूला नाव हवं, एवढंच हरेश्वरला माहीत. आपल्या होडीच्या उरलेल्या निळ्या रंगाने त्याने फळीच्या तळावर वीतभर अक्षरांत ‘मंजुळा’ लिहिलं होतं, कुंकू लावून नारळ फोडला होता. दुसऱ्याच्या मालावर कुणी असं करतं का? पण ते त्याच्या डोक्यातही आलं नाही. क्लबात शिकवणारे चंद्रप्रकाश सर आधी भडकले, मग हसले, आणि नाव राहिलं.

गोव्याच्या स्पर्धेच्या यादीतही पहिलं नाव तिचंच होतं. पण गेल्या रविवारी मनोरीहून सोयरीक आली. मुलगा निर्व्यसनी, घरचा ट्रॉलर. मुलाचा बाप म्हणाला, “पोरीचं पान्यावर नाचनं आता पुरे.” हरेश्वरने मान डोलावली. मग लग्नाची तारीख, मानपान, पोरीचं सासरचं नाव, जे जे निघालं त्या सगळ्याला तो मान डोलवत गेला. मंजुळा आत पाहुण्यांसाठी चहा गाळत होती. तिला कुणी विचारलं नाही.

सर जवळ आले. त्यांच्यामागे जीपला टेकून सात बंगला भागातली अनुपमा उभी होती. तिचं नाव परवाच यादीत आलं होतं.

“हरेश्वर, ती फळी आता अनुपमा घेईल. तळावरचं नाव तेवढं काढून टाक.”

“ऱ्हाऊ द्या ना सर. पान्यात कोनाला दिसतंय?”

“तिथे फळ्या तपासतात रे. नाव एकीचं, फळीवर दुसरीच. नको ती भानगड.” सरांचा आवाज खाली गेला होता. पोरीला पाठव म्हणून ते दोनदा घरी येऊन गेले होते.

हरेश्वर पत्र्याची पट्टी घेऊन फळीपाशी बसला. होडीचा रंग खरवडायचं काम त्याने जन्मभर केलं होतं. त्याने पट्टी पहिल्या अक्षरावर टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली.

तेवढ्यात मंजुळा आली. आपलं लाइफ जॅकेट तिने धुऊन, वाळवून, घडी करून आणलं होतं. ते तिने अनुपमाच्या हातात दिलं.

“वारा वाढला ना, की मागचा पाय आणखी मागे घे. ही फळी पाण्यात नाक खुपसते.”

अनुपमाने मान हलवली.

मंजुळा बापाजवळ येऊन उकिडवी बसली. तिने त्याच्या हातातली पट्टी काढून घेतली.

“दे. तुला नाय जमनार.”

आणि ती खरवडू लागली. भराभरा नाही, शेवटच्या अक्षरापासून, फळीला ओरखडा येऊ न देता, त्यानेच शिकवलं होतं तसं. निळे पापुद्रे वाळूवर पडत होते. हरेश्वरला वाटत होतं, पोरीने भांडावं, पट्टी फेकून द्यावी, चार माणसांत त्याची लाज काढावी. ती एक शब्द बोलली असती तर तो तसाच होडी काढून मनोरीला गेला असता आणि दिलेला शब्द मोडून आला असता. निदान त्या क्षणी त्याला तसं वाटलं. पण ती खरवडतच राहिली. तळ स्वच्छ झाला तेव्हा तिने तो ओल्या फडक्याने पुसलासुद्धा.

दोघांनी मिळून फळी उचलली, ट्रेलरमध्ये सगळ्यांच्या वर ठेवली. त्याने दोरी टाकली, तिने पलीकडून ओढून घेतली. लहानपणापासून त्याच्या होडीवर ती अशीच दुसरं टोक धरायची.

“घट्ट कर बाबा. घाटात हलेल.”

त्याने गाठ आवळली. त्याला समोरचं नीट दिसत नव्हतं.

“बाबा,” फळीच्या पलीकडून तिने विचारलं, “तिकडं माजं नाव काय ठेवनार हायत?”

हरेश्वर दोरी धरून उभा राहिला. रविवारी त्यांनी सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं, आणि दोन्ही वेळा त्याने मान डोलावली होती.

त्याला ते आठवेना.