पाचव्या नळीतली बुरशी

"मॅडम, रिपोर्ट पाठवू नका. आकडे खोटे आहेत."

प्रयोगशाळेतले काका दारातच उभे राहिले. हातात चार घड्या घातलेला कागद होता. राजीनामा होता तो, सकाळी बायकोकडून लिहून घेतलेला.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "आधी बसा, काका."

काका बसले नाहीत. एकतीस वर्षं त्यांचं काम एकच. काचेच्या लांब नळीत उकडलेला कोंडा भरायचा, एका टोकाला बुरशी लावायची आणि तिची पांढरी कड रोज किती मिलीमीटर पुढे सरकली ते पट्टी लावून सांगायचं. ऐकायला पोरखेळ वाटतो. पण कोंड्यात शिरलेली बुरशी वेगळी काढून वजन करता येत नाही, त्यामुळे सगळी भिस्त बघणाऱ्याच्या नजरेवर. आणि काकांची नजर म्हणजे नजर. शेजारपाजारच्या बायका सुईत दोरा ओवून घ्यायला त्यांच्याकडे यायच्या. मॅडम इथे विद्यार्थिनी म्हणून आल्या, तेव्हा पट्टी कशी धरायची हेही काकांनीच शिकवलं होतं.

"वर्ष झालं, मला कड दिसत नाही," काका म्हणाले. "डॉक्टर म्हणतात, गेलेली नजर परत येणार नाही. म्हटलं, निवृत्तीपर्यंत रेटू. दिवसाला नऊ सरकते हे पाठच होतं. कालच्या आकड्यात नऊ मिळवायचे. संशय नको म्हणून मधूनच आठ."

काल पाचवी नळी धुण्यासाठी रिकामी करताना निम्मा कोंडा त्यांच्या बोटांना सुटा लागला होता, बुरशीने धरलेलाच नव्हता. आतली बुरशी कधीच मेली होती आणि काका तिला आठवडाभर नऊ-नऊ मिलीमीटर चालवत होते. एवढ्या वर्षांच्या कामाला आपणच काळं फासलं, या विचाराने त्यांना काल जेवण गेलं नव्हतं.

मॅडमचे डोळे भरून आले. पण सांगायला चांगली बातमी हाताशी होती, याचा त्यांना आनंदही झाला.

"काका, मला माहीत होतं. पहिल्याच महिन्यात कळलं. तुम्ही पाचला घरी गेलात की मी सगळ्या नळ्या परत मोजते. रिपोर्टमध्ये माझे आकडे आहेत, एकही चुकीचा नाही. फाडा तो कागद."

आता यांचा जीव भांड्यात पडेल, असं मॅडमना वाटलं. काकांनी कागद फाडला नाही.

"सगळ्या मोजता?"

"सगळ्या. रोज."

"म्हणजे वर्षभरात माझा एकही आकडा घेतला नाही?"

खोटं बोलल्याचं ओझं काकांनी वर्षभर वाहिलं होतं, आणि ते खोटंसुद्धा कुणी लिहून घेतलं नव्हतं.

काकांनी कागद टेबलावर ठेवला.

"मग उद्यापासून एकदाच मोजत जा, मॅडम," ते म्हणाले. "उगाच दोनदा त्रास."