भिंतीतला शेवटचा दगड

जुन्या दगडी घराच्या मागच्या भिंतीला पडलेलं भगदाड पाथरवटकाका बुजवत होते. त्यांच्या हातात असं कसब होतं की घरमालकीण कामधाम सोडून बघतच राहिली. बसवलेल्या दगडांच्या सांध्यात सुईसुद्धा शिरली नसती.

"काका, जादू आहे तुमच्या हातात!"

"एकट्याचं काम नाही हे, ताई." काकांनी छिन्नी खाली ठेवली.

ठोके मात्र थांबले नाहीत. ते भिंतीच्या आतून येत होते, आणि भिंतीमागे तर नुसता डोंगराचा कातळ होता.

"आत कोण आहे?" तिने भिंतीला कान लावला.

"कुणास ठाऊक. पण कारागीर अस्सल आहे."

काकांनी शेवटचा दगड भोकात अर्धा सरकवला आणि हात काढून घेतले.

दगड आतून कुणीतरी अलगद ओढून घेतला, किंचित फिरवला आणि नीट बसवला.