मोंतेलोंगो कधीच पडत नाही

मोंतेलोंगोनं चर्चच्या घंटेजवळून उडी घेतली, आणि खाली धुळीतून उठला तो निकानोर.

थिएटर खदखदून हसलं. तोमासाच्या मुठीतल्या भोपळ्याच्या बिया मुठीतच राहिल्या. पडद्यावर तिचा नवरा होता. पस्तिशीचा, काडीसारखा, चिकटवलेली मिशी एका बाजूनं लोंबत असलेला. त्यानं गुडघे झटकले आणि कॅमेऱ्याकडं बघून ओशाळं हसला. त्याला जाऊन दोन वर्षं झाली होती.

"आई," शेजारी बसलेल्या इल्दानं तिचा दंड धरला. "अगं, हे तर बाबा!"

गास्पार मोंतेलोंगो म्हणजे मेक्सिकोतल्या या दुरांगोचा जीव की प्राण. चाळीस सिनेमांत त्यानं डाकू लोळवले, आणि प्रत्येक पोस्टरवर ठळक अक्षरांत लिहिलेलं असे की सगळ्या उड्या त्याच्या स्वतःच्या. आता शहात्तराव्या वर्षी म्हाताऱ्यानं स्वतःचीच टर उडवणारा सिनेमा काढला होता. ऐन मारामारीत त्याचा टोप उडत होता, रिकाम्या पिस्तुलातून गोळ्या सुटत होत्या. आणि प्रत्येक गाजलेल्या उडीच्या शेपटाला, तेव्हा कापून टाकलेला तुकडा जोडला होता. खरा कोण पडला ते दाखवणारा. राजधानीतल्या वर्तमानपत्रांची त्यावरून जुंपली होती. एकानं लिहिलं, हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलला. दुसऱ्यानं लिहिलं, स्वतःच्या थडग्यावर थुंकला. इथंही निम्मं थिएटर लोळत होतं आणि निम्मं शिव्या घालत होतं.

तोमासाला सिनेमाचं काही पडलं नव्हतं. शूटिंग आपल्याच गावात झालेलं, जुनी गल्ली दिसेल, म्हणून इल्दानं तिला ओढून आणलं होतं. निकानोर सिनेमावाल्यांच्या घोड्यांना खोगीर बांधायला जातो, एवढंच तिला ठाऊक होतं. त्यानं तेवढंच सांगितलं होतं.

पडद्यावर तो पुन्हा पडला. या वेळी पळत्या घोड्यावरून. मग खिडकीची काच फोडून. प्रत्येक तुकड्याच्या आधी कुणीतरी पाटी धरत होतं, पाटीवर खडूनं तारीख. तिसरी तारीख तोमासानं दोनदा वाचली. चौदा ऑगस्ट. इल्दाचा बाप्तिस्मा.

त्या दिवशी पाहुणे जेवून उठले, तरी पोरीच्या बापाचा पत्ता नव्हता. दिवस कलता कलता आला तो वाकडा होऊन, धड पाऊल पडत नव्हतं, आणि अंगाला मेस्काल दारूचा भपकारा. पोरीला घ्यायला त्यानं हात पुढं केले. "हात लावू नकोस माझ्या लेकराला," तोमासा सगळ्यांदेखत ओरडली. "आधी शुद्धीवर ये!" त्यानं हात आवरते घेतले. मागच्या पडवीत जाऊन पडला.

त्याची खाट पुढं कायमची त्या पडवीतच राहिली. अठ्ठावीस वर्षं. तिनं त्याला जेवायला घातलं, त्याचे कपडे धुतले, पण बोलली ती कामापुरतं. थंडीत कूस बदलताना तो कण्हायचा, तेव्हा ती आतून म्हणायची, "आणखी ढोस!" शेवटच्या आठवड्यात त्यानं तिला जवळ बोलावलं होतं. "तोमासा, एक सांगायचंय." ती म्हणाली, "आता काय उपयोग?" आणि सूप गरम करायला निघून गेली. परत आली तेव्हा तो झोपला होता. पुन्हा काही त्यानं तो विषय काढला नाही.

"आई, जाऊ या का आपण?" इल्दानं विचारलं. तोमासानं मान हलवली. नाही.

आता पडद्यावर उडी नव्हती. उरलेल्या फितीवर कुणीतरी गंमत म्हणून टिपलेला प्रसंग होता. निकानोर उपड्या खोक्यावर उघडा बसला होता. पाठ वांग्यासारखी काळीनिळी. एक माणूस तळहातावर मेस्काल ओतून ती चोळत होता.

"अरे, घोटभर पोटात पण जाऊ दे की!" कॅमेऱ्यामागून कुणीतरी म्हणालं.

"नको रे. पोरीचा बाप्तिस्मा आहे घरी. आधीच उशीर झालाय."

"मग बायको विचारेल ना, हा वास कसला?"

"विचारू दे. प्यालो म्हणेन." निकानोरनं कळ सोसत शर्टात हात घातला. "तिचा भाऊ घोड्यावरून पडूनच गेला. मी रोज पडतो हे कळलं तर डोळ्याला डोळा लागायचा नाही तिचा. दारुड्याची बायको निदान झोपते तरी."

संबंध सिनेमात थिएटर सगळ्यात मोठ्यानं हसलं ते इथं.

सिनेमा सुटला. बाहेर ऊन रखरखत होतं आणि पायऱ्यांवर भांडण पेटलं होतं. "माझा बाप याच्या फोटोला नमस्कार करायचा!" पांढऱ्या हॅटवाला एक म्हातारा तावातावानं बोलत होता. "एक उडी मारली नाही हो या भामट्यानं! चाळीस वर्षं उल्लू बनवलं आपल्याला!" त्याला आपल्या बाजूचं कुणीतरी हवं होतं. तोमासाचे ओले डोळे बघून तो तिच्याकडं वळला. "तुम्हीच सांगा, बाई. फसवलं की नाही? माफी मागायला नको?"

"फसवलं हो," तोमासा म्हणाली. "पण माफी मागायला हवी ती मी. आता कुठं जाऊन मागू?"